पोटात पेन असलेलं कासव

ससा-कासवाच्या शर्यतीनंतर कासवाच्या जातीने पुन्हा नाव काढलं ते थेट १९४८-४९ साली, इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावी. ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूच्या शास्त्रज्ञाने एल्मर आणि एल्सी अशी दोन यांत्रिक कासवं बनवली. ती उजेडाच्या रोखाने चालत आणि बॅटरी उतरत आली की आपल्या खुराड्याकडे परतत. आमचा अख्खा स्टाफ संध्याकाळी हेच करतो, पण त्याला कोणी विज्ञान म्हणत नाही.

माझा जीव मात्र जडलाय तो अमेरिकेतल्या कासवावर. १९६७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फ्युरझाइग, सिंथिया सॉलोमन आदी मंडळींनी पोरांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा काढली. आधी तिच्यात नुसता शब्दांचा खेळ होता. कासव मागाहून आलं, जातीच्या रीतीला धरून! पोटात पेन, पाठीमागे लांबलचक वायर, वायरच्या टोकाला संगणक. 'पुढे १००' म्हटलं की सरळ जायचं, 'उजवीकडे ९०' म्हटलं की जागच्या जागी वळायचं. हेच चारदा सांगा, जमिनीवरच्या कागदावर चौकोन तयार.

खरी गंमत त्रिकोणाची. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे आपण छड्या खाऊन पाठ केलेलं. पोरगं ऐटीत ६० सांगतं. कासव बिचारं आज्ञाधारक. तीन रेघा ओढतं आणि निघतो अर्धा षटकोन! यावर पॅपर्टचा उपाय असा, की पोराने स्वतःच कासव व्हायचं आणि फरशीवर चालून बघायचं. कोपऱ्यावर पोचलं की पायांनाच कळतं, वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, १२० अंश. तीन वळणं मिळून ३६०, म्हणजे एक पुरी गिरकी.

जिनिव्हात पियाजेच्या हाताखाली पॅपर्टने काही वर्षं काढली होती, पोरं शिकतात कशी हे बघत. १९८० सालच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्याने सांगितलं, की संगणकाने पोराला चालवायचं नाही, पोराने संगणकाला चालवायचं. आणि चूक हा गुन्हा नव्हे. ती शोधायची आणि दुरुस्त करायची. आमच्या मास्तरांकडे चुकीला लाल फुली हा एकच भाव होता. फुली मारली की मामला खलास, चूक कुठे झाली याची चौकशी नाही. त्या मानाने बँक बरी म्हणायची. पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे, असं जुने हेडक्लार्क सांगतात. फक्त त्यात कोणाला मजा वाटली, असं ते सांगत नाहीत.

१९९८ साली लेगो कंपनीने त्या पुस्तकाचंच नाव देऊन रोबो जोडायचा संच काढला. २०२२ अखेर तो बंदही केला. २०१६ साली पॅपर्ट गेला. कासव मात्र आहे. आता पडद्यावर असतं, पायथॉन नावाच्या भाषेत. अजगराच्या पोटात कासव, पण सुखरूप. आणि तिथेही ६० सांगितलं, की अर्धा षटकोनच निघतो.