युजर स्टोरी म्हणजे काय? हळदीच्या भावावरून समजून घ्या

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या हळद उत्पादकांसाठी तुम्हाला बाजारभाव दाखवणारं वेब ॲप बनवून घ्यायचंय. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, त्यामुळे विषय चांगला आहे. पण डेव्हलपरला सांगणार काय? बहुतेक जण म्हणतात, "भाव दिसले पाहिजेत आणि ॲप फास्ट पाहिजे."

घोळ इथेच होतो. कुठल्या बाजार समितीचा भाव? आजचा की कालचा? कांडीचा की गट्टूचा? तुम्ही सांगितलं नाही, तर डेव्हलपर मनानेच ठरवतो.

ॲपने नेमकं काय करायचं, याला रिक्वायरमेंट म्हणतात. पूर्वी त्यासाठी जाडजूड दस्तऐवज लिहायचे आणि वाचणारे फार थोडे असायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग पद्धतीतून युजर स्टोरी पुढे आली. पुढे २००१ मध्ये रॉन जेफ्रीज यांनी तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, संवाद आणि खात्री.

कार्डावर एकच वाक्य असतं, त्यात कोणाला, काय आणि कशासाठी हे येतं. उदाहरणार्थ: "हळद उत्पादक म्हणून मला वसमत बाजार समितीतला कांडीचा आजचा सर्वसाधारण दर बघायचाय, म्हणजे माल न्यायचा की थांबायचं ते ठरवता येईल."

आता हे कार्ड घेऊन एखाद्या शेतकऱ्याशी बोला. तो म्हणेल, "नुसता सर्वसाधारण दर काय कामाचा? कमीत कमी आणि जास्तीत जास्त पण दाखवा, आवक किती झाली तेही." झालं, कार्ड बदललं! कोड लिहिण्याआधी हा बदल फुकटात होतो.

खात्री म्हणजे कार्डामागे लिहिलेल्या कसोट्या. लिलाव झाला नसेल, तर "आज लिलाव नाही" असं दिसलं पाहिजे आणि शेवटचा दर तारखेसकट आला पाहिजे. नाहीतर चार दिवसांपूर्वीचा भाव आजचा समजून कोणीतरी टेम्पोचं भाडं भरून माल घेऊन जाईल. "फास्ट" शब्द खोडून "साध्या फोनवर, कमी नेटमध्ये ५ सेकंदांत पान उघडावं" असं लिहा, म्हणजे ते मोजता येतं.

आणि हो, "लॉगिन पाहिजे" हे जवळपास प्रत्येक यादीत असतंच. त्यापुढचं "म्हणजे..." भरून बघा. नुसता भाव बघायला लॉगिन कशाला? उत्तर सुचलं नाही, तर ते कार्ड सध्या बाजूला ठेवा.