ॲक्सोलोटलचा रंग कसा ओळखायचा, नाव काय ठेवायचं आणि जळगाव-धुळ्याच्या उन्हात तो टिकतो का?

गुलाबी अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल झुपके आणि कायम हसल्यासारखं तोंड. रील्स बघताना हा प्राणी तुमच्या नजरेला नक्की पडला असेल. हा ॲक्सोलोटल. माइनक्राफ्ट या गेममध्ये तो २०२१ मध्ये आला आणि लहान मुलांच्या तोंडी त्याचं नाव बसलं. मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवरही त्याच वर्षापासून त्याचं चित्र आहे.

असा प्राणी घरी आला की दोन प्रश्न लगेच पडतात. हा कोणत्या रंगाचा प्रकार आहे आणि याचं नाव काय ठेवायचं? दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. खानदेशात मात्र तिसरा प्रश्न त्याहून मोठा आहे, तो म्हणजे तापमानाचा.

हा मासा नाही

ॲक्सोलोटल हा सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच उभयचर. बेडकाचं पिल्लू मोठं होताना कल्ले गमावतं आणि जमिनीवर येतं. ॲक्सोलोटल मात्र आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि बाहेर दिसणारे कल्लेही तसेच ठेवतो. डोक्यावरचे ते झुपके म्हणजेच कल्ले.

त्याचं मूळ घर मेक्सिको सिटीजवळचा सोचिमिल्कोचा कालव्यांचा परिसर. १९९८ च्या पाहणीत तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलोटल होते. २०१४ च्या पाहणीत हा आकडा ३६ वर आला. निसर्गात तो संपत आला असला तरी जगभरातल्या प्रयोगशाळांत आणि घरच्या टाक्यांत त्याची पैदास होते. तुटलेला पाय पुन्हा उगवण्याच्या त्याच्या क्षमतेमुळे शास्त्रज्ञ दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याचा अभ्यास करत आहेत.

रंग ओळखताना आधी डोळे बघा

ॲक्सोलोटलच्या कातडीत रंगाच्या तीन प्रकारच्या पेशी असतात : काळ्या, पिवळ्या आणि चमकणाऱ्या. यांतली कोणती पेशी आहे आणि कोणती नाही, यावर रंग ठरतो. नुसतं अंग बघून फसगत होते. डोळे बघितले की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

• वाइल्ड टाइप : निसर्गातला मूळ रंग. अंग गडद हिरवट-तपकिरी, त्यावर ठिपके, डोळ्याभोवती चमकदार सोनेरी कडं.

• मेलानॉइड : हाही काळा, म्हणून वाइल्ड टाइपशी गल्लत होते. फरक एकच बघा, डोळ्याभोवती चमकदार कडं नसतं. अंगावरही कुठे चमक दिसत नाही.

• ल्युसिस्टिक : रील्समधला प्रसिद्ध गुलाबी-पांढरा. अंग फिकट, कल्ले लाल, पण डोळे काळे. काहींच्या डोक्यावर बारीक काळे ठिपके येतात. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला ३४ ॲक्सोलोटल पोहोचले, त्या खेपेबरोबर हा पांढरेपणा युरोपात आला.

• पांढरा अल्बिनो : ल्युसिस्टिकसारखाच दिसतो, पण डोळे गुलाबी किंवा लालसर. काळा रंगच तयार होत नसल्यामुळे डोळ्यांतही तो नसतो.

• गोल्डन अल्बिनो : पिवळा-सोनेरी, अंगावर चमकदार ठिपके, डोळे फिकट. पिल्लू असताना हा पांढराच वाटतो आणि सोनेरी रंग वाढत्या वयात उतरतो. म्हणून लहान पिल्लाचा प्रकार ठरवण्याची घाई करू नये.

• कॉपर : फिकट तपकिरी, तांबूस झाक, डोळ्यांतही लालसर छटा.

• ॲक्झँथिक : पिवळ्या पेशी नसल्याने राखाडी दिसणारा.

हिरवा चमकणारा ॲक्सोलोटलही असतो. त्यात जेलीफिशमधलं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक प्रयोगशाळेत घातलेलं असतं आणि ते पिल्लांतही उतरतं. निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकतो. ही चमक वरच्या कोणत्याही रंगाबरोबर असू शकते, त्यामुळे तो वेगळा रंग मानत नाहीत.

आणि निळा? माइनक्राफ्टमध्ये निळा ॲक्सोलोटल फार दुर्मीळ आहे, म्हणून मुलं तोच मागतात. खऱ्या जगात तसा गडद निळा ॲक्सोलोटल नसतो. 'दुर्मीळ निळा' म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर तो फोटो एडिट केलेला किंवा रंगीत दिव्याखाली काढलेला समजा. रंग नेहमी साध्या पांढऱ्या उजेडात बघावा.

नाव काय ठेवायचं?

जनावराला रंगावरून नाव देणं आपल्याकडे नवीन नाही. गोठ्यातला पांढरा बैल ढवळ्या, पोवळ्यासारखा तांबूस तो पवळ्या. हीच पद्धत इथेही चालते. गुलाबी-पांढऱ्या ल्युसिस्टिकला खानदेशातल्या कापसावरून 'कापशी' शोभतं. सोनेरी अल्बिनोला जळगावच्या सराफ बाजाराला साजेसं 'सोन्या' किंवा इथल्या केळीवरून 'केळ्या' म्हणता येईल. काळ्या मेलानॉइडला 'उडीद', तांबूस कॉपरला 'शेंगदाणा', राखाडीला 'करड्या'.

नर की मादी हे साधारण वर्षभराचं वय होईपर्यंत बाहेरून कळत नाही. नराच्या शेपटीच्या बुडाशी फुगवटा येतो, तेव्हा खात्री होते. तोवर दोघांनाही चालेल असं नाव बरं, नाहीतर 'सोन्या' अंडी घालायचा. नावाने हाक मारली म्हणून तो येणार नाही. त्याला बाहेरचे कान नसतात. तो वास आणि पाण्यातली हालचाल ओळखतो. खाऊ देणारा माणूस टाकीजवळ आला की पुढे येतो, एवढंच.

खानदेशातला खरा प्रश्न

सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि तिथलं पाणी थंड असतं. ॲक्सोलोटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. २४ अंशांच्या पुढे पाणी गेलं आणि तसंच राहिलं की त्याला त्रास सुरू होतो. जळगाव, भुसावळ, धुळे या भागात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि रात्रीही घरातलं पाणी कोमटच राहतं.

टाकीवर पंखा लावला तर कोरड्या हवेत पाणी काही अंशांनी उतरतं, पण पावसाळ्यात हवा दमट झाली की तोही उपाय थकतो. बर्फाची बाटली टाकली तर पाणी झटकन थंड होतं आणि पुन्हा तापतं. हा चढउतारही घातक. जुन्या धाब्याच्या घरातली थंड खोलीसुद्धा १८ अंशांवर येत नाही. म्हणजे इथे पाणी थंड करणारा चिलर लागतो, तोही जवळपास वर्षभर, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. हा खर्च प्राण्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होतो. ॲक्सोलोटल १० ते १५ वर्षं जगू शकतो, म्हणजे तितके उन्हाळे.

रंग नीट ओळखण्याचा उपयोग इथे होतो. आपल्या प्राण्याचा नेहमीचा रंग माहीत असेल तर बिघाड लवकर कळतो. लाल कल्ले फिके पडणं, कल्ल्यांची टोकं पुढे वळणं, कातडीवर लाल चट्टे किंवा कापसासारखी पांढरी बुरशी दिसणं, खाणं सोडणं, ही त्रासाची लक्षणं आहेत. अशा वेळी आधी पाण्याचं तापमान आणि स्वच्छता तपासावी. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवला तर तुलना सोपी जाते. अल्बिनोच्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही, त्याच्यासाठी टाकीत लपायला जागा हवी.

कायदा काय सांगतो?

ॲक्सोलोटल साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत परिवेश २.० पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, त्यामुळे नर-मादी एका टाकीत ठेवण्याआधी विचार करावा. विकत घेताना विक्रेत्याकडून पावती आणि प्राण्याची कागदपत्रं मागून घ्यावीत.

सांभाळणं जमलं नाही म्हणून मेहरूण तलावात किंवा पांझरेत सोडून देणं हा मार्ग नाही. तिथल्या उन्हाळ्यात तो जगणार नाही आणि त्याच्यासोबत गेलेला रोग इथल्या बेडकांना लागू शकतो. थंड पाण्याची सोय असलेल्या माणसाकडे रीतसर नोंद करून सोपवणं योग्य.

थोडक्यात, रंग डोळ्यांवरून ओळखा, नाव रंगावरून ठेवा. पण त्या दोन्हींच्या आधी टाकीत थर्मामीटर लावा आणि मे महिन्यातल्या दुपारी तो किती दाखवतो ते बघा. 'कापशी' घरी आणायची की फोनवरच बघायची, हे त्या आकड्यावरून ठरवा.