खेळातला किल्ला, इतिहासातला किल्ला

‘द ओरेगॉन ट्रेल’ हा अमेरिकी शाळांमध्ये गाजलेला शैक्षणिक संगणक-खेळ होय. मिनिआपोलिस येथील प्रशिक्षणार्थी शिक्षक डॉन रॉविच याने बिल हाइनमन व पॉल डिलनबर्गर यांच्या साह्याने १९७१ मध्ये इतिहासाच्या वर्गासाठी तो रचला. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा प्रवास हा त्याचा विषय.

त्या पहिल्या आवृत्तीला पडदा नव्हता. सारा खेळ टेलिप्रिंटरच्या कागदावर उमटे. वाटेतल्या किल्ल्यावर थांबावे, शिकार करावी की पुढे जावे, हे खेळाडूने ठरवायचे. किल्ल्यावर माल मिळे, पण महाग. सरहद्दीवरील टंचाईचा धडा मुले अशी हिशेबातून शिकत. पुढे रॉविच याने स्थलांतरितांच्या रोजनिशा अभ्यासून संकटांची शक्यता प्रदेशानुसार बदलली.

१९८५ च्या आवृत्तीत प्रवास १८४८ मध्ये सुरू होतो. वाटेवरचा फोर्ट लॅरमी १८३४ मध्ये फरच्या व्यापारासाठी उभारला गेला. लष्कराने तो घेतला १८४९ मध्ये. म्हणजे १८४८ च्या खेळाडूला तेथे सैनिक नव्हे, व्यापारी भेटायला हवेत. रचनाकाराला एका वर्षाचा फरकही असा जपावा लागतो.

मात्र याच किल्ल्याशी मूळ रहिवाशांबरोबरचे १८५१ व १८६८ चे करार निगडित आहेत. १८६८ च्या कराराने लकोटांसाठी राखलेला ब्लॅक हिल्सचा प्रदेश सोने सापडल्यावर १८७७ मध्ये काढून घेण्यात आला. गाडीवानाच्या नजरेतून रचलेल्या खेळात ही बाजू झाकोळली. २०२१ च्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवासी समाजातील अभ्यासकांचा सल्ला घेतला गेला. किल्ला कोणाच्या नजरेतून दाखवायचा, हा निर्णय चित्रांच्या आधी घ्यावा लागतो.