सर्वंकष युद्धसिद्धता

मोठे युद्ध चालवण्यासाठी राष्ट्रातील मनुष्यबळ, कारखाने, शेती, वाहतूक, पैसा आणि लोकमत ही सर्व साधने शासनाच्या एकसूत्री नियंत्रणाखाली आणण्याच्या प्रक्रियेस सर्वंकष युद्धसिद्धता म्हणतात. क्रांतिकालीन फ्रान्सने २३ ऑगस्ट १७९३ रोजी तरुणांना रणभूमीवर, विवाहित पुरुषांना शस्त्रनिर्मितीस आणि स्त्रियांना तंबू व कपडे शिवण्यास जुंपणारा हुकूम काढला; त्यात या कल्पनेचे बीज असले, तरी ती पूर्णपणे अंमलात आणण्याजोगी नोंदणी व नोकरशाही त्या काळी नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मनीने १७ ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांवर राष्ट्रकार्याची सक्ती करणारा कायदा डिसेंबर १९१६ मध्ये केला खरा, परंतु त्याच हिवाळ्यात शहरांतील अन्नपुरवठा कोलमडल्याने लोकांना गुरांना घालावयाच्या कंदांवर दिवस काढावे लागले, आणि नागरिकांच्या पोटाची व्यवस्था हा युद्धयंत्रणेचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

या प्रक्रियेचे सर्वांत काटेकोर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे आहे. २२ मे १९४० रोजी ब्रिटिश संसदेने संमत केलेल्या कायद्याने सर्व व्यक्ती आणि त्यांची मालमत्ता शासनाच्या स्वाधीन करता येईल, अशी तरतूद केली. मात्र या अमर्याद अधिकाराचा वापर मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी बेताने केला. वाहतूक कामगारांच्या बलाढ्य संघटनेचे हे नेते होते आणि कामगारांची संमती नसेल तर सक्ती निरुपयोगी ठरते, हे ते जाणून होते. १९१४–१५ मध्ये कुशल कारागीर व खाणकामगार स्वयंस्फूर्तीने लष्करात गेल्यामुळे तोफगोळ्यांचे उत्पादन अडले होते. म्हणून या वेळी लष्करभरतीतून वगळावयाच्या व्यवसायांची यादी आधीच तयार ठेवण्यात आली. मार्च १९४१ च्या हुकुमाने महत्त्वाच्या उद्योगांतील कामगाराला परवानगीवाचून काम सोडण्यास आणि मालकाला त्यास काढून टाकण्यास मनाई झाली, तर डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वर्षांच्या अविवाहित स्त्रियांनाही सक्तीच्या राष्ट्रसेवेच्या कक्षेत आणले. सक्तीची मर्यादाही लवकरच दिसली. जानेवारी १९४२ मध्ये केंट परगण्यातील बेट्सहँगर येथील खाणकामगारांनी बंदी असतानाही संप केला, तेव्हा शेकडो कामगारांना दंड आणि तीन पुढाऱ्यांना तुरुंगवास झाला. पण कोळसा निघेना, म्हणून त्या तिघांना थोड्याच दिवसांत सोडून द्यावे लागले. पुढे कोळशाची टंचाई इतकी वाढली की डिसेंबर १९४३ पासून भरतीस आलेल्या तरुणांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून सैन्याऐवजी खाणीत धाडले जाऊ लागले.

अशा युद्धात अखेर पैसा नव्हे तर माणसे कमी पडतात. १९४२ च्या अखेरीपासून ब्रिटिश मंत्रिमंडळ पैशाच्या अंदाजपत्रकाइतक्याच गांभीर्याने मनुष्यबळाचे अंदाजपत्रक मांडू लागले, म्हणजे सैन्य, विमाननिर्मिती, जहाजबांधणी आणि शेती यांना किती माणसे द्यावयाची याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या पातळीवर होऊ लागला. पैशाचे कार्य त्यामानाने दुय्यम, तरीही नाजूक होते. पगार वाढले आणि बाजारातला माल आटला की किमती भडकतात व त्याचा भार गरिबांवर पडतो. तो टाळण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या विचारांच्या प्रभावाखाली १९४१ च्या अंदाजपत्रकात प्राप्तिकराचा प्रमाणित दर ५० टक्क्यांवर नेण्यात आला. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर व डुकराचे खारवलेले मांस यांपासून सुरू झालेले शिधावाटप जून १९४१ मध्ये कपड्यांपर्यंत पोहोचले. पाव व बटाटे मात्र युद्धकाळात मुक्त राहिले. श्रीमंतांना उपाहारगृहांत कुपनाविना जेवता येई, ही या समतेतील उणीव होती, आणि १९४२ मध्ये जेवणाच्या दरावर पाच शिलिंगांची मर्यादा घालूनही ती पुरती भरून निघाली नाही.

मायदेशातील ही न्याय्य वाटणी अंशतः इतरांच्या खर्चाने साधली होती, याचा उल्लेख ब्रिटिश वर्णनांत पुष्कळदा ओझरताच येतो. अमेरिकेकडून मार्च १९४१ च्या लेंड-लीज कायद्यान्वये, म्हणजे रोख मोबदला न देता, युद्धसाहित्य मिळाले. हिंदुस्थानातून सुमारे २५ लाखांचे सैन्य उभे राहिले. येथे खरेदी केलेल्या मालाची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात जमा होई आणि त्या रकमेच्या तारणावर रिझर्व्ह बँक रुपयांच्या नोटा काढी. परिणामी युद्धकाळात चलनातील नोटा पाच पटींहून अधिक वाढल्या. ब्रिटनने करांनी व शिधावाटपाने जी भाववाढ आवरली, तिला येथे वाट मोकळी राहिली, कारण परकीय सत्तेला करवाढीसाठी संमती मिळवणे अवघड होते आणि शिधावाटपाची यंत्रणा उशिरा उभी राहिली. मुंबईत ते १९४३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मृत्यू पावली. या दुष्काळास ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबणे, चक्रीवादळ आणि प्रशासनाची बेपर्वाई ही इतर कारणेही होती. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी १९४३ मध्येच हिंदुस्थान सरकारच्या या युद्धकालीन अर्थनीतीची ग्रंथरूपाने चिकित्सा केली. युद्ध संपताना ब्रिटनकडे हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंड येणे होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा समावेश असलेल्या हिंदी शिष्टमंडळाने हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा तो दोन देशांनी आपसांत सोडवावा, अशी भूमिका ब्रिटनने घेतली आणि त्याचे करार १९४७ पासून टप्प्याटप्प्याने झाले.