हिशेब चव्हाट्यावर

आमच्या आयटीत शेजारच्या खुर्चीचा पगार विचारायची सोय नाही. पॅट फ्लिन या अमेरिकी ब्लॉगरनं मात्र आपल्या कमाईचा हिशेब दरमहा जगापुढं मांडला. २००८च्या मंदीत आर्किटेक्चर फर्ममधली नोकरी गेली, तेव्हा ‘लीड’ या हरित इमारतींच्या परीक्षेच्या नोट्स त्यानं ई-बुक करून विकल्या. हिशेबात खर्चही असायचा, म्हणून लोकांचा विश्वास बसला.

पुढं मोठा वाटा वेब होस्टिंगच्या कमिशनचा झाला. हिशेब वाचून भारावलेले वाचक स्वतःचा ब्लॉग काढायला त्याच्याच लिंकवरून होस्टिंग घ्यायचे. हे कमिशनही तो उघड सांगे. म्हणजे पारदर्शकता खरी होती, आणि तिच्यावरच धंदाही चालत होता.

कमाईचा स्क्रीनशॉट दिसला, की आकड्याआधी एवढं बघा: पैसे कुणाच्या खिशातून आले?