जाळीची डिश आणि महिन्याची वर्गणी

सोलापुरातल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहून भोवताली नजर टाकली, तर सिमेंटच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्या बरोबरीने आणखी एक वस्तू घराघरावर दिसते: दोन फूट व्यासाची राखाडी थाळी. सगळ्या थाळ्या साधारण दक्षिण-पूर्वेकडे तोंड करून असतात. या सर्वांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत आणि सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे. तेव्हा दक्षिण-पूर्वेकडे का, याचे अर्धे उत्तर भूगोलाच्या तासाला मिळते. उरलेले अर्धे मात्र इतिहासात शोधावे लागते. ही थाळी एवढी लहान कशी झाली, तिच्यासाठी दरमहा पैसे का भरावे लागतात, आणि पैसे न भरता चालणारी थाळीही त्याच गच्चीवर कशी आली?

उपग्रहावरून थेट घरात दूरचित्रवाणी पोचवण्याचे स्वप्न तसे जुने आहे. ऑर्थर क्लार्क यांनी १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात लेख लिहून दाखवले होते, की विषुववृत्तावर योग्य उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबर फिरेल आणि आपल्याला तो आकाशात स्थिर वाटेल. भारतात ही कल्पना विक्रम साराभाईंनी उचलून धरली. त्यांचा हिशोब सरळ होता. मुंबई-दिल्लीपासून सुरुवात करून एकेक मनोरा उभारत गेलो, तर खेड्यापर्यंत पोचायला पिढी जाईल. उपग्रह मात्र शहर आणि खेडे यांत भेद करत नाही. १९६९ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशी करार झाला. साराभाईंचे १९७१ च्या डिसेंबरमध्ये निधन झाले. प्रयोग त्यांच्यामागे, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर चालला. त्याचे नाव 'साइट', म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने तो राबवला. तेव्हा त्या केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते, आणि कार्यक्रमाच्या धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते.

या प्रयोगासाठी सहा राज्ये निवडली गेली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण कर्नाटकातले जे जिल्हे घेतले, ते होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. यांतले पहिले दोन सोलापूर जिल्ह्याला खेटून आहेत. अक्कलकोट तालुक्याची शीव ओलांडली की प्रयोगाचे क्षेत्र सुरू होत होते. विद्युतचुंबकीय लहरींना ही शीव ठाऊक नव्हती. 'एटीएस-६' हा उपग्रह त्या वर्षी पूर्व आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवला होता. त्याचा झोत पलीकडच्या इंडी तालुक्यावर जितका पडत होता तितकाच अलीकडच्या अक्कलकोटवरही. फरक एवढाच, की पलीकडच्या निवडक गावांत तो झेलायला थाळी होती.

ही थाळी कशी होती, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण पैशांचा सगळा प्रश्न तिच्यात आहे. सुमारे २,४०० गावांत संच बसवायचे होते. परदेशी बनावटीच्या थाळ्या घेतल्या असत्या, तर प्रयोग कागदावरच राहिला असता. आपल्या अभियंत्यांनी तीन मीटर व्यासाचा सांगाडा उभा केला आणि त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी ताणून बसवली. भोके असलेल्या थाळीतून लहरी निसटून जाणार नाहीत का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील, आणि तो विचारायलाच हवा. उत्तर तरंगलांबीत आहे. उपग्रहाचे प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर होते. प्रकाशाचा वेग या संख्येने भागला, की तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर येते. जाळीचे भोक तरंगलांबीच्या दहाव्या भागापेक्षा लहान असेल, तर लहरीला ती जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखीच वाटते. ३५ सेंटिमीटरचा दहावा भाग म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. कोंबडीची जाळी त्याहून बारीक असते. वर जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो. उघड्या माळावर ही सोय लहान नाही.

स्वस्ताईचे दुसरे कारण आकाशात होते. उपग्रहावरचा प्रक्षेपक अवघा ८० वॉटचा, म्हणजे एखाद्या खोलीतल्या जुन्या दिव्याएवढा. पण उपग्रहाची छत्री नऊ मीटरहून मोठी होती आणि अंतराळात गेल्यावर ती उघडत असे. तिने ते ८० वॉट इकडेतिकडे न सांडता भारतावर एकवटले. वर खर्च जास्त केला, की खाली प्रत्येक गावात कमी करावा लागतो, हे या रचनेचे सूत्र होते. वरचा उपग्रह मात्र उसना होता, आणि ही गोष्ट पुढे फार महाग पडली.

नेहमीचा दूरचित्रवाणी संच थाळीला जोडून भागत नव्हते. उपग्रहाकडून चित्र एफ.एम. पद्धतीने येई आणि संचाला ते ए.एम. पद्धतीने लागे, म्हणून मध्ये एक रूपांतरक बसवावा लागे. हे संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने बनवले. वीज नसलेल्या काही गावांत ते बॅटरीवर चालवले. एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठवता येत, त्यामुळे एकच चित्र दोन भाषांत ऐकवता येई. मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या सोलापूरकरांना या सोयीचे मोल सांगायला नको.

शिक्षकांसाठी यातला एक भाग आजही मनात ठेवण्याजोगा आहे. संच सहसा शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत असे. सकाळचे दीड तास शाळकरी मुलांसाठी होते आणि संध्याकाळचे अडीच तास गावासाठी. मुलांच्या विज्ञानाच्या कार्यक्रमांची निर्मिती इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत झाली. त्यांत प्रयोग असत, आणि ते गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी करून पाहण्याजोगे ठेवण्याचा प्रयत्न असे. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये सुट्टीच्या दिवसांत याच उपग्रहावरून प्राथमिक शिक्षकांसाठी बारा दिवसांचे विज्ञान-प्रशिक्षण झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा झाले. दोन्ही मिळून सुमारे ४८ हजार शिक्षकांनी ते घेतले. संध्याकाळी सुरुवातीला गावेच्या गावे लोटत. नवलाई ओसरल्यावर एका संचापुढे सरासरी शंभरेक माणसे बसत. संच सार्वजनिक जागी आणि प्रेक्षक उघड्यावर, तेव्हा वर्गणीचा प्रश्नच नव्हता. क्लार्क त्या वेळी कोलंबोला राहत होते. इस्रोने त्यांच्या घरी एक थाळी बसवून दिली. कल्पना मांडल्यानंतर तीस वर्षांनी ते भारताचे कार्यक्रम परदेशात घरबसल्या पाहू लागले, आणि तेही एक पैसा न मोजता!

३१ जुलै १९७६ नंतर उपग्रह परत अमेरिकेकडे सरकवण्यात आला आणि जाळीच्या थाळ्या निरुपयोगी झाल्या. थाळी, संच, शिकवलेले मदतनीस, सगळे जागच्या जागी होते. फक्त वरचा दिवा मालवला होता. १९७७ साली गुलबर्ग्याला जमिनीवरचा प्रक्षेपक आला, त्यामुळे प्रयोगातल्या काही गावांना पुन्हा चित्र मिळाले. आमच्या मते या प्रयोगाची खरी शिकवण इथे आहे. पाहणाऱ्याकडचा खर्च कितीही कमी करा, वरचा उपग्रह ज्याच्या मालकीचा, त्याच्या मर्जीवर सारे अवलंबून राहते. स्वतःचा उपग्रह हवा हे साराभाई आधीपासून म्हणत होते. इन्सॅट-१ए १९८२ च्या एप्रिलमध्ये गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. १९८३ चा इन्सॅट-१बी टिकला, आणि त्याच्या बळावर दूरदर्शनची लहान प्रक्षेपण केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहिली. प्रेक्षकाला तेव्हा टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे. १९८५ साली ते बंद झाले. यानंतर काही वर्षे छपरावर काड्यांचा अँटेना असलेल्या कोणालाही दूरचित्रवाणी खरोखरच फुकट होती.

पैसे पुन्हा आले ते 'एशियासॅट-१' बरोबर. हा उपग्रह १९९० च्या एप्रिलमध्ये गेला. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये पाहून लोकांना परदेशी वाहिन्यांची ओढ लागली. स्टारच्या वाहिन्या १९९१ साली आणि झी १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. या उपग्रहाची छाया अतिपूर्वेपासून पश्चिम आशियापर्यंत पसरली होती. नोकरीसाठी आखातात गेलेली मराठी कुटुंबे आणि सोलापुरातली त्यांची माणसे त्यामुळे एकाच उपग्रहाखाली आली.

आता वारंवारिता सुमारे ४ गिगाहर्ट्झ होती आणि तरंगलांबी साडेसात सेंटिमीटर. कोंबडीची जाळी इथे चालेना. भोके सात-आठ मिलिमीटरहून बारीक हवीत आणि थाळीचा पृष्ठभाग काही मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडातिकडा नको. शिवाय ती बारा-बारा फुटांची हवी. एवढे एका घराला झेपणारे नव्हते. मग गल्लीतल्या एखाद्या हुन्नरी माणसाने थाळी उभारली आणि केबल टाकून ती घराघरांत पोचवली. विद्यार्थ्यांना हिशोब घालावा: साऱ्या सामग्रीला समजा एक लाख रुपये लागले आणि घरे दोनशे जोडली, तर एका घरावर बोजा किती? पाचशे, तोही एकदाच. आपल्या शहरांतले केबलवाले या साध्या भागाकाराच्या जोरावर उभे राहिले. महागड्या थाळीला लोकांनीच शोधलेला तो पर्याय होता. १९९५ साली त्यासाठी कायदाही झाला. पुढे वाहिन्या सशुल्क होत गेल्या, भागाकार गुंतागुंतीचा झाला आणि महिन्याची रक्कम वाढत राहिली. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात ज्या ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ही मुदत दिली होती, त्यांत सोलापूर होते. यानंतर केबल घेणाऱ्या प्रत्येक संचाशेजारी एक खोका बसवणे भाग पडले. २०१९ च्या फेब्रुवारीत नवी दररचना आली. तिच्यानुसार नुसत्या जोडणीचे शंभर वाहिन्यांसाठी महिन्याला १३० रुपये अधिक कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे दर वेगळे. ज्या घरात आजीला तेलुगू, सुनेला कानडी आणि नातवंडांना मराठी कार्यक्रम लागतात, तिथे बेरीज कुठवर जाते ते सांगायला गणिताचा शिक्षक नको. यंत्रमाग आणि विड्यांवर संसार चालवणाऱ्या घरांना दर महिन्याची ही रक्कम जड जाते.

दरम्यान थाळी लहान झाली होती. वारंवारिता बारा गिगाहर्ट्झच्या आसपास गेली, तरंगलांबी अडीच सेंटिमीटर झाली, आणि उपग्रहांची शक्ती वाढली. त्यामुळे साठ सेंटिमीटरचा सलग पत्रा पुरू लागला. सरकारने १९९७ साली अशा थेट घरपोच सेवेला मनाई केली होती, ती २००० साली उठली. खासगी कंपन्यांच्या सशुल्क सेवा आल्या आणि १६ डिसेंबर २००४ रोजी प्रसार भारतीने 'डीडी डायरेक्ट प्लस' सुरू केली. सुरुवातीला तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. पुढे तिचे नाव 'डीडी फ्री डिश' झाले. थाळी आणि खोका एकदा विकत घ्यायचा, महिन्याची वर्गणी नाही. सह्याद्री तिच्यावर आहे, कानडी चंदना आहे, तेलुगूतल्या दूरदर्शनच्या वाहिन्याही आहेत. आज चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचे अंदाज आहेत.

ही सेवा सध्या जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येते. सोलापूर साधारण ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आणि १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. गोलीय त्रिकोणमिती वापरली, तर उपग्रह सोलापूरहून जवळजवळ नेमक्या आग्नेय दिशेला आणि क्षितिजापासून ६१ अंश उंचीवर येतो. होकायंत्र आणि कोनमापक घेऊन वर्गाने हे जरूर ताडून पाहावे. एक गोष्ट मुलांना कोड्यात टाकील: थाळी तेवढी वर पाहताना दिसत नाही, बरीच उभी वाटते. ती पूर्ण परवलयाचा मधला भाग नसून कडेचा कापलेला तुकडा असते, म्हणून तिचा खरा रोख दिसतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असतो. आणखी एक, त्याच जागेजवळ सशुल्क सेवेचेही उपग्रह आहेत. तेव्हा थाळीच्या तोंडावरून शेजारी पैसे भरतो की नाही, हे ठरवू नये.

फुकट म्हणजे कोणीच पैसे देत नाही, असे नव्हे. खासगी वाहिन्या या सेवेवरची जागा लिलावात विकत घेतात आणि जाहिरातींतून ती रक्कम काढतात. त्यांचे गणित फिरले की त्या उठून जातात. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या अशाच काढून घेतल्या. त्या २०२० साली परतल्या आणि काही २०२२ साली पुन्हा गेल्या. दुसरा धोका वरचा. २०१० च्या जुलैत इन्सॅट-४बी या तेव्हाच्या उपग्रहाच्या सौर पट्ट्यांत बिघाड झाला आणि त्याची निम्मी शक्ती गेली. मात्र १९७६ पेक्षा एक फरक पडला आहे. आता उपग्रह आपले आहेत, आणि एक थकला की दुसरा त्याच जागी नेऊन ठेवता येतो.

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एकेक वाहिनी 'पीएम ई-विद्या' या नावाने या फुकट थाळीवर आली. ज्यांच्या घरी ही थाळी आहे, त्यांना त्यासाठी वेगळे काही भरावे लागत नाही. फक्त खोक्यावर वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा लागतो आणि खोका नव्या धाटणीच्या, म्हणजे एमपेग-४ प्रकारच्या संकेतांना चालणारा आहे ना, हे पाहावे लागते. कारण जुन्या खोक्यांना यांतल्या काही वाहिन्या दिसतच नाहीत.