प्रेक्षक आणि ज्यूरी

खुनाचा आरोप ज्याच्यावर आला आहे असा मनुष्य दृष्टीस पडला की समाज एकाच वेळी दोन कामे करू लागतो. त्याच्याकडे टक लावून पाहणे हे पहिले, व त्याचा निकाल लावून मोकळे होणे हे दुसरे. पहिले काम नाटकगृहाचे आणि दुसरे न्यायगृहाचे, असा भेद शास्त्रात असला तरी लोकव्यवहारात तो फारसा पाळला जात नाही. आम्ही हा विषय आज हाती घेतला तो एका दूरचित्रवाणी-मालिकेच्या निमित्ताने. आणि मालिकेपेक्षाही ती पाहणाऱ्या आमच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या निमित्ताने.

इ. स. २०२१ च्या १५ ऑगस्टला ठाणे व कल्याण-डोंबिवलीकडच्या मंडळींच्या आयुष्यात दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना लोकलगाडीची दारे पुन्हा उघडली, आणि झी मराठीवरील ‘देवमाणूस’ ही मालिका त्याच रात्री संपली. ३१ ऑगस्ट २०२० रोजी ती सुरू झाली तेव्हा टाळेबंदीने घरात कोंडलेले सारे कुटुंब रात्रीची जेवणे आटोपून तिच्यापुढे बसत असे. साताऱ्याकडच्या एका खेड्यात एक तोतया डॉक्टर येतो, गावकरी त्याला देवमाणूस म्हणतात, आणि तो एकामागून एक खून पाडीत जातो, अशी ती कथा. २०१६ च्या ऑगस्टात वाईजवळील धोम येथे जे हत्याकांड उघडकीस आले, ज्यात एका डॉक्टर म्हणविणाऱ्यावर सहा जणांच्या हत्येचा आरोप ठेवण्यात आला, त्यावर ती बेतलेली असल्याचे सर्वत्र बोलले जाई. मालिका सुरू झाली तेव्हा त्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

शेवटच्या भागाने मात्र लोकांची घोर निराशा केली. वर्षभर ज्याची दुष्कृत्ये पाहिली तो मनुष्य शिक्षेवाचून सुटला, व कथा पुढे चालणार असा रंग दिसला. त्या आठवड्यात गाडीत, वाण्याच्या दुकानात, सोसायटीच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. गमतीची गोष्ट अशी की, त्याला फासावर लटकवा म्हणणारे लोकच त्याच्या कावेबाजपणाची वाखाणणी करीत. किरण गायकवाड या नटाचे हे यश खरेच; पण रोज रात्री एखाद्याच्या पाठीमागे अंधारातून चालू लागले की त्याची पावले हळूहळू आपलीच होतात, हेही तितकेच खरे.

त्याच दिवसांत डोंबिवलीस आमच्या एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला जाण्याचा योग आला. तेथे यजमानांच्या मातोश्री मालिकेवर अत्यंत संतापलेल्या होत्या. “कोर्टाला डोळे नाहीत का?” असे त्या म्हणाल्या. ठाण्याच्या न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “आजी, पण पुरावा कुठे आहे?” त्यावर आजींनी तत्काळ उत्तर केले, “पुरावा कसला मागता? आम्ही सगळ्यांनी पाहिलं ना!” सगळे हसले. आम्हीही हसलो, परंतु परतीच्या गाडीत ते वाक्य आमचा पिच्छा सोडीना. कारण आजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांनी खून पाहिला होता. न्यायाधीशाने पाहिला नव्हता.

रंगभूमीने आरोपीला प्रेक्षकांपुढे उभे करण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. १८७४ च्या नोव्हेंबरात बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीसाठी जे कमिशन बसले त्यात तीन इंग्रज व तीन एतद्देशीय सभासद होते. सर दिनकरराव त्यांपैकी एक. मतभेद तीनास तीन असा पडला. सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस सारून गैरकारभाराच्या सबबीवर महाराजांना १८७५ त पदच्युत केले, व मद्रासेस पाठविले. नारायण बापूजी कानिटकरांनी ‘मल्हारराव महाराज’ हे नाटक त्याच वर्षी लिहिले. सहा विद्वानांना जे ठरविता आले नाही ते तीन तासांत ठरविण्याची सोय प्रेक्षकांना झाली, असे म्हटले तरी चालेल. पुढल्याच वर्षी, १८७६ त, नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. त्याला बंगालमधील नाटके विशेष कारण झाली. परंतु नाटकगृहात बसलेला मनुष्य मनातल्या मनात निकालपत्र लिहीत असतो हे सरकारने नेमके ओळखले होते, याविषयी शंका नाही.

तथापि आजींच्या वाक्याचे खरे उत्तर आम्हांस सापडले ते नानावटी खटल्यात. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यास गोळ्या घातल्या. पत्नीने आहुजाशी असलेल्या संबंधाची कबुली दिली होती. तिला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहापाशी सोडून नानावटी जहाजावर गेले, खोटी सबब सांगून रिव्हॉल्वर व सहा काडतुसे घेतली, आहुजाच्या कचेरीत डोकावले व मग त्याच्या घरी गेले. नंतर स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. झटापटीत चुकून गोळ्या उडाल्या, असा बचाव होता.

आता पाहा. त्या खोलीत तिसरा मनुष्य नव्हता. होता तो एक टॉवेल. आहुजा नुकताच न्हाणीघरातून आलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला. आणि प्रेत सापडले तेव्हा तो टॉवेल जागचा हललेला नव्हता. दोन धडधाकट पुरुषांची झटापट झाली असती तर तो टिकला असता काय? सरकारपक्षाचा हा प्रश्न वरवर क्षुद्र दिसतो. पण न पाहिलेल्या घटनेपर्यंत पोचण्याची माणसाजवळ एवढीच वाट असते. एक टॉवेल, एक वेळेचा हिशोब, एक खोटी सबब.

नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली होती. शुभ्र गणवेशातील तो अधिकारी लोकांना कादंबरीतला नायक वाटला, आणि रस्त्यावर नानावटी रिव्हॉल्वर व आहुजा टॉवेल अशा नावांनी खेळणी व कापड विकले गेले, असे सांगतात. जो टॉवेल पुरावा म्हणून कोर्टात आला तो बाजारात थट्टेचा विषय झाला! सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीचा कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे १९६० त जन्मठेप झाली, व २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घर सोडल्यापासून गोळ्या झाडीपर्यंत सुमारे तीन तास लोटले, मग क्षणिक प्रक्षोभ कसला, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९६४ त राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, आणि मधुसूदन कालेलकरांच्या ‘अपराध मीच केला’ या नाटकाने ते प्रकरण मराठी रंगभूमीवर नेले. ज्यूरीची पद्धत पुढे या देशातून नाहीशीच झाली. तिला एकट्या नानावटी खटल्याने मारले असे म्हणतात ती अतिशयोक्ती होय. पण तिची अब्रू त्या आठ मतांनी घालविली खास.

तेव्हाच्या लोकांनी काही न पाहता निकाल दिला. आजच्यांनी सर्व काही पाहून दिला. पुराव्याचे ओझे दोघांनीही वाहिले नाही. कॅमेरा प्रेक्षकाला ज्यूरीच्या बाकावर बसवीत नाही, तो त्याला थेट खुनाच्या खोलीत नेतो, आणि मग टॉवेलची चौकशी करणारा वकील त्याला वेळकाढू वाटू लागतो. कथेपुरते हे ठीक. परंतु साताऱ्यास खरा खटला चालू असता, गाडीतले सुशिक्षित गृहस्थ खऱ्या आरोपीविषयी बोलताना मालिकेतले नाव घेत, आणि मालिकेत पाहिलेली कृत्ये त्याच्या नावावर जमा करीत, हे आम्ही स्वतः ऐकले आहे. त्यात जी माणसे खरोखर मेली त्यांची नावे कोणाच्याही तोंडी नव्हती. लेखकाने रचलेल्या पात्रांसाठी मात्र लोक हळहळत होते.

पुढे काही दिवसांनी आजींची पुन्हा भेट झाली. तेव्हा नानावटींची गोष्ट आम्ही त्यांना टॉवेलासकट सविस्तर सांगितली. खटल्याच्या वेळी आपण लहान होतो, घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत व मुलांना बाहेर पिटाळीत, अशी आठवण त्यांनी काढली. टॉवेलाची हकीकत त्यांनी दोनदा विचारून घेतली. मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “पण सर, तो सुटला नाही म्हणजे झटापट झालीच नाही, असं कसं म्हणावं? गाठ कशी मारली होती ते कोणी पाहिलं का?”

शिरस्तेदार त्या दिवशी तेथे नव्हते, याचे आम्हांस फार वाईट वाटले.